स्त्रीवेश : शरीअतचा हुकूम आणि आपली थट्टा

या लेखाला निमित्त झाले एका पित्याच्या प्रश्नाचे. वर्धा शहराला लागूनच असलेल्या आमच्या बोरगाव मेघे येथे एका रात्री इशाची नमाज आटोपली, मंडळी पांगली आणि मी पंखे बंद करू लागलो, तेव्हा शेवटच्या सफेत एक गृहस्थ तसेच बसून राहिलेले दिसले. फळांची गाडी लावणारे, नमाजीचे पाबंद, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारले, "इमामसाहेब, पोटच्या मुलाला घराबाहेर काढा असा हुकूम आपल्या दीनमध्ये आहे काय?"

हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि त्यांच्या संमतीनेच लिहीत आहे.) मुलगा १७ वर्षांचा. लहानपणापासून आवाज नाजूक, चाल मऊ, उठणे-बसणे बहिणींमध्ये. मोहल्ल्यातील पोरांनी त्याला एक नाव ठेवले होते. ते येथे लिहिण्याची गरज नाही, आपणा सर्वांना ते ठाऊक आहे. एके दुपारी चुलत्याने त्याला मोठ्या बहिणीची ओढणी आणि बांगड्या घालून आरशासमोर उभा पाहिला आणि पट्ट्याने मारले. त्याच संध्याकाळी एका नातलगाने पित्याच्या मोबाइलवर हदीस पाठवली : अशा पुरुषांवर लानत आहे, त्यांना घरातून बाहेर काढा. पुढच्या जुम्याला मुलगा मस्जिदीत आला, तर एका सद्गृहस्थांनी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लेकराला ओढून दुसरीकडे नेले. त्यानंतर तो जुम्याला आलाच नाही.

मी त्या पित्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. हदीस मला ठाऊक होती, परंतु ज्या अर्धवट रूपात ती त्यांच्या मोबाइलवर आली होती, त्याहून फारशी अधिक माझ्या स्मरणातही नव्हती, हे मला कबूल केले पाहिजे. त्या आठ दिवसांत ग्रंथ पुन्हा उघडून जे पाहिले, ते वाचकहो, आपल्यापुढे ठेवीत आहे.

हुकूम काय आहे

प्रथम जे स्पष्ट आहे ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सहीह बुखारीच्या 'लिबास' म्हणजे वस्त्रांच्या प्रकरणात हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्त्रियांचे अनुकरण करणाऱ्या पुरुषांवर आणि पुरुषांचे अनुकरण करणाऱ्या स्त्रियांवर लानत केली, असा तिचा आशय आहे. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीत वस्त्राचाच थेट उल्लेख आहे : स्त्रीचा पोशाख घालणारा पुरुष आणि पुरुषाचा पोशाख घालणारी स्त्री. आपल्या सर्व फिक्हांत हे कृत्य निषिद्ध मानले गेले आहे. हा हुकूम पातळ करून सांगणे हा माझा हेतू नाही आणि तो माझा अधिकारही नाही.

परंतु हुकूम ज्या शब्दांत आला आहे, ते शब्द नीट वाचणे हे आपले कर्तव्य आहे. मूळ अरबी शब्द 'मुतशब्बिहीन' असा आहे. अरबी व्याकरण शिकलेला विद्यार्थी जाणतो की या वजनाच्या क्रियापदात प्रयत्नपूर्वक, मुद्दाम काही अंगावर घेण्याचा अर्थ असतो. ज्याच्या अंगी मूळचीच मृदुता आहे तो अनुकरण करीत नसतो. तो जसा आहे तसा असतो. दुसरा शब्द आहे 'मुखन्नस'. ज्या धातूपासून तो बनला त्याचा अर्थ लवणे, मऊ असणे असा आहे. मदीना शरीफमध्ये असे पुरुष होते आणि समाज त्यांना या नावाने ओळखत असे.

सहीह मुस्लिमचे भाष्यकार इमाम नववी (रह., निधन ६७६ हिजरी) लिहितात की, विद्वानांच्या मते मुखन्नस दोन प्रकारचे असतात. एक तो, जो जन्मतःच तसा आहे. ज्याने स्त्रियांची चाल, बोल, लकब मुद्दाम उचललेली नाही, तर अल्लाहने ज्याला त्याच प्रकृतीवर निर्माण केले आहे. त्याच्यावर दोष नाही, निंदा नाही, गुनाह नाही आणि शिक्षाही नाही, कारण यात त्याचा काही इलाज नाही. दुसरा तो, जो मूळचा तसा नसून हौसेने, ढोंगाने किंवा अन्य हेतूने ते रूप धारण करतो. लानतीच्या हदीसमध्ये अभिप्रेत आहे तो हा दुसरा. सहीह बुखारीचे भाष्यकार हाफिज इब्ने हजर (रह., निधन ८५२ हिजरी) या बाबतीत थोडे अधिक काटेकोर आहेत. ते म्हणतात, प्रकृतीनेच तसा असलेल्या माणसाने ती ढब हळूहळू सोडण्याचा यत्न करावा. यत्न शक्य असूनही त्याने त्यातच समाधान मानले, तर दोष त्याच्याकडे येतो. दोन्ही इमामांच्या बोलण्यात अंतर आहे खरे, परंतु 'हळूहळू' या शब्दाकडे आपले लक्ष जावे. पट्ट्याने एका दुपारात नव्हे.

वस्त्राबद्दल हाफिज इब्ने हजर यांनी आणखी एक मोलाची गोष्ट नोंदवली आहे. कोणते वस्त्र पुरुषी आणि कोणते बायकी, हे त्या त्या प्रदेशाच्या रिवाजाने ठरते. काही लोकांत तर स्त्री-पुरुषांच्या पोशाखात फरकच नसतो, फक्त परद्याने स्त्रिया वेगळ्या ओळखू येतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी महाराष्ट्रात कानात भिकबाळी घालणारा माणूस रुबाबदार समजला जाई. आज एखाद्या मुलाने कानात बाळी घातली की आपण त्याला तो स्त्रीच झाल्यासारखे धारेवर धरतो. गुलाबी कुर्ता, लांब केस, बारीक आवाज यांपैकी कोणतीही एक गोष्ट दिसताच लानतीची हदीस तोंडावर फेकणे हे ज्ञान नव्हे. स्वतः प्रेषित (स.) यांचे केस कधी कानाच्या पाळीपर्यंत, तर कधी खांद्यापर्यंत असत, हे शमाइलच्या ग्रंथांत आपण वाचतोच.

'घरातून काढा' या शब्दांमागचा प्रसंग

आता त्या पित्याच्या प्रश्नाकडे येऊ. घरातून काढण्याचे शब्दही हदीसमध्ये आहेत, बुखारीतच आहेत. ते कोणाला, कोणाबद्दल आणि का सांगितले गेले?

उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या घरी एका मुखन्नसाचे येणे-जाणे असे. रिवायतींत त्याचे नाव हीत असे आले आहे. प्रेषितांच्या घरातील स्त्रियांसमोर तो येत असे आणि कोणी हरकत घेत नसे, कारण सूरह अन-नूरच्या ३१व्या आयतीत ज्यांना स्त्रियांविषयी इच्छा नसते अशा सेवक पुरुषांना परद्यातून जी सूट आहे, तीत त्याची गणना होत असे. तायफच्या वेढ्याच्या दिवसांत, म्हणजे ८ हिजरीत, तो उम्मे सलमांच्या भावाशी, अब्दुल्लाह बिन अबी उमय्या यांच्याशी बोलताना तायफच्या एका स्त्रीच्या देहाचे असे बारकाईने वर्णन करू लागला की, त्याच्या नजरेत काय आहे ते उघड झाले. प्रेषितांनी (स.) ते ऐकले आणि हे लोक यापुढे तुमच्याकडे आत येऊ नयेत, असे सांगितले.

पाहा, मृदू चालीचा हा माणूस तोवर इतके दिवस घरात येत होता. त्या चालीसाठी त्याला कोणी रोखले नव्हते. रोखले गेले ते परस्त्रियांच्या दालनात येण्यापासून, आणि तेही त्याची नजर व जीभ यांचा दोष प्रकट झाल्यावर. 'तुमची घरे' म्हणजे जेथे त्याच्या नात्याच्या नसलेल्या स्त्रिया राहतात ती घरे. मुलगा आपल्या आईचा, बहिणींचा महरम असतो. त्याला त्याच्याच घरातून हाकलण्यासाठी ही हदीस वापरणे म्हणजे तिच्यातील कारण पुसून टाकून केवळ दंड शिल्लक ठेवणे होय.

या प्रसंगाची पुढची हकीकत आपल्या वाझांमध्ये क्वचितच ऐकू येते. अबू दाऊदच्या रिवायतीनुसार तो माणूस मदीनेबाहेर राहू लागला, तेव्हा कोणीतरी म्हणाले की, हे अल्लाहच्या प्रेषिता, असा तर तो उपाशी मरेल. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला दर आठवड्याला दोनदा मदीनेत येऊन मागण्याची आणि परत जाण्याची परवानगी दिली. दंड देतानाही त्याच्या भाकरीचा विचार झाला.

अबू दाऊदमध्येच, 'अदब'च्या प्रकरणात, हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची आणखी एक रिवायत आहे. हातापायांना मेंदी लावलेल्या एका मुखन्नसाला प्रेषितांसमोर आणण्यात आले. हा स्त्रियांचे अनुकरण करतो, असे सांगण्यात आले. त्याला मदीनेपासून दूर नकीअ येथे पाठवण्याचा आदेश झाला. (नकीअ, बकीअ नव्हे; या दोन नावांत गोंधळ होऊ नये म्हणून त्या रिवायतीतच खुलासा आहे.) लोकांनी विचारले, आम्ही त्याला ठार मारू नये काय? प्रेषितांनी उत्तर दिले की, नमाज पढणाऱ्यांना ठार मारण्याची मला मनाई करण्यात आली आहे. या रिवायतीच्या सनदीवर काही मुहद्दिसांनी आक्षेप घेतला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु ज्यांना कठोरपणासाठी ही रिवायत पुढे करायची असते, त्यांनी ती अर्ध्यावर सोडू नये. पूर्वार्ध घ्यायचा असेल तर उत्तरार्धही घ्यावा लागेल. जमाव उत्साहात पुढे सरसावला होता आणि त्याला थांबवणारी गोष्ट होती त्या माणसाची नमाज.

बुखारीच्या अजानच्या प्रकरणात ताबिईंपैकी इमाम जुहरी (रह.) यांचे एक मत नोंदलेले आहे : मुखन्नसाच्या मागे, म्हणजे त्याला इमाम करून, नाइलाज असल्याशिवाय नमाज पढू नये, असे आम्हांला वाटते. विद्यार्थिदशेत मी हे वाक्य केवळ इमामतीचा मसला म्हणून पाठ केले होते. आता त्याच वाक्यात मला दुसरे काही दिसते. ज्या काळात प्रश्न 'याने इमामत करावी काय?' असा विचारला जात होता, त्या काळात तो माणूस सफेत उभा होता, हे गृहीतच होते. आमच्याकडे त्याच्या शेजारचे लेकरू ओढून नेले जाते.

दोन प्रकारचे स्त्रीवेश

आपल्या लग्नांमध्ये हल्दी-मेहंदीच्या रात्री काय चालते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. नवरदेवाचे मित्र भाभींच्या ओढण्या डोक्यावर घेतात, कोणी साडी गुंडाळतो, कोणी ओठ रंगवतो, डी.जे.वर नाच होतो, मोबाइलवर चित्रण होते. वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर बसून पोट धरधरून हसतात. तेथे कोणाला हदीस आठवत नाही. आणि नवरदेवाच्या तळहातांवर कोपरापर्यंत मेंदी असते! ज्या माणसाला प्रेषितांसमोर आणले गेले होते, त्याची खूण मेंदीच होती. हनफी फिक्हमध्ये पुरुषाने शृंगारासाठी हातापायांना मेंदी लावणे पसंत केलेले नाही, हे किती नवरदेवांना सांगितले जाते?

अशा रात्री एखादा मुलगा गंमत म्हणून साडी नेसतो, तेव्हा इमाम नववींनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात तोच बसतो. त्याने रूप मुद्दाम धारण केलेले असते. ज्याच्या आवाजात अल्लाहने मृदुता ठेवली, तो पहिल्या प्रकारातला. शरीअत पहिल्याला निर्दोष म्हणते आणि दुसऱ्याला दोषी. आपण दुसऱ्यावर पैसे उधळतो आणि पहिल्याला पट्ट्याने मारतो.

ही उलटी तऱ्हा केवळ मुस्लिमांचीच नाही. मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी.ए. करताना मला याचा वारंवार प्रत्यय आला. स्त्रिया रंगभूमीवर येत नव्हत्या त्या काळी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८-१९६७), यांनी 'मानापमान'मधील भामिनी आणि 'एकच प्याला'मधील सिंधू उभी केली. त्यांच्यासारखी साडी नेसावी, त्यांच्यासारखे दागिने घालावेत, अशी हौस प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना होती. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले; पुण्यातील रंगमंदिराला त्यांचे नाव आहे. याच महाराष्ट्रात तमाशातल्या नाच्याला काय मिळाले, ते आनंद यादवांच्या 'नटरंग' (१९७८) या कादंबरीत वाचावे. गुणा हा पिळदार शरीराचा मजूर. कलेपायी तो नाच्या होतो आणि गावाचा व घरच्यांचा तिरस्कार त्याच्या वाट्याला येतो. त्यावरील चित्रपट २०१० मध्ये आला तेव्हा लोकांनी डोळे पुसले, पण थिएटरातून बाहेर पडल्यावर कोणाची जीभ बदलली असे मला दिसले नाही. आमच्या विदर्भातील खडी गंमतीतही पुरुषच लुगडे नेसून नाचतो; रात्रभर त्याच्यासाठी माणसे दाटीवाटीने बसतात, आणि सकाळी तोच पोशाखावाचून रस्त्याने जाऊ लागला की त्याला शिट्ट्या ऐकाव्या लागतात. 'मोरूची मावशी' आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांवर तर तीन पिढ्या हसल्या आहेत. भाड्याची खोली मिळावी म्हणून दोन पुरुष बायका होतात आणि ते फसवणे गोड वाटते.

नाटक-तमाशातील स्त्रीवेश शरीअतच्या दृष्टीने योग्य की अयोग्य, हा येथे माझा विषय नाही. आपल्या उलमांचे त्यावरील मत सर्वज्ञात आहे आणि मी त्याच मताचा आहे. माझे म्हणणे एवढेच की, समाजाला पुरुषाच्या अंगावरील साडीचा राग कधीच नव्हता. हसता आले की तो खुश असतो. राग येतो तो त्या माणसाचा, जो हसवण्यासाठी तसा नसतो.

एक कबुली

मदरशात मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. कुरआन पढण्याची त्याची धाटणी इतकी सुंदर की, उस्ताद फज्रनंतर त्यालाच पढायला लावीत. त्याचा आवाज बारीक होता आणि चालताना त्याचे हात हलत. आम्ही त्याला नाव ठेवले. मीही ठेवले. त्याच्या चालीची नक्कल मला उत्तम जमत असे आणि वसतिगृहात रोज रात्री मला ती करायला सांगत. त्या वर्षाच्या ईदच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही.

ज्या वर्षी हे घडले, त्याच वर्षी आम्हांला 'कन्जुद्दकाइक' शिकवला जात होता. इमाम नसफी (रह., निधन ७१० हिजरी) यांचा हा हनफी फिक्हचा ग्रंथ. त्यात तअ्जीरचे, म्हणजे काजीने आपल्या विवेकाने द्यावयाच्या शिक्षेचे प्रकरण आहे. कोणकोणते शब्द वापरून मुस्लिमाचा अपमान केला असता शिक्षा होते, त्यांची तेथे यादी आहे : फासिक, चोर, मुनाफिक, व्याजखोर, दारुडा, खियानत करणारा, आणि त्याच यादीत आहे 'मुखन्नस'. एखाद्या मुस्लिमाला 'ए मुखन्नस' म्हणून हाक मारणारा शिक्षेस पात्र आहे. ही यादी मी तोंडपाठ केली होती. परीक्षेत ती लिहिलीही. दिवसा यादी पाठ करायची आणि रात्री नक्कल करायची, यात काही विसंगती आहे हे मला जाणवले नाही. वर्गातल्या कोणालाच जाणवले नाही.

सूरह अल-हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांची थट्टा करण्यास, टोमणे मारण्यास आणि वाईट नावांनी हाका मारण्यास मनाई आहे. ज्यांची थट्टा केली जाते ते थट्टा करणाऱ्यांपेक्षा चांगले असू शकतील, असा इशाराही तेथे आहे. ही आयत आपण सासू-सुनेच्या भांडणात सांगतो, जाती-बिरादरीच्या भांडणात सांगतो. 'बायल्या' हा शब्द तिच्या कक्षेत येतो असे आपल्याला वाटत नाही. तो आपल्याला शिवी वाटत नाही, वर्णन वाटते.

खुन्सा, किन्नर आणि कायदा

येथे एक भेद लक्षात ठेवणे जरूर आहे. मुखन्नस वेगळा आणि खुन्सा वेगळा. ज्याच्या शरीरावर जन्मतः दोन्ही लिंगांची चिन्हे असतात किंवा चिन्ह अस्पष्ट असते, त्याला फिक्हमध्ये खुन्सा म्हणतात. 'हिदाया'मध्ये इमाम मर्गीनानी (रह., निधन ५९३ हिजरी) यांनी त्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. जमाअतीत तो पुरुषांच्या मागे आणि स्त्रियांच्या पुढे उभा राहील. वारशात त्याला किती हिस्सा मिळेल. त्याचे लिंग निश्चित होत नसेल तर मृत्यूनंतर गुस्लऐवजी तयम्मुम कसा द्यावा, हे सारे तेथे आले आहे. आठशे वर्षांपूर्वी बसून एका विद्वानाने हा विचार केला, कारण असे मूल मुस्लिमांच्या घरात जन्मेल, मस्जिदीत येईल, बापाच्या शेतात हिस्सा मागेल आणि मुस्लिमांच्या कब्रस्तानात दफन होईल, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. आज असे मूल जन्मले की आपण प्रथम ते लपवतो. तसे न करता डॉक्टरांना दाखवावे. अशा मुलांच्या बाबतीत लिंग स्पष्ट करणाऱ्या उपचारांना मक्का येथील फिक्ह परिषदेने १९८९ मध्ये मान्यता दिलेली आहे.

घराने नाकारलेली मुले शेवटी कोठे जातात, हे वर्ध्याच्या रेल्वे स्थानकावर उभे राहिले की दिसते. टाळ्या वाजवीत डब्यांतून पैसे मागणाऱ्यांना आपण दुवेच्या लोभाने किंवा शापाच्या भीतीने दहा रुपये देतो आणि तोंड फिरवतो. त्यांच्यातही कोणा मुअज्जिनाचा, कोणा हाजीचा मुलगा असेल. त्यांनी साडी नेसणे हा एके काळी कायद्याने गुन्हा होता : इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात नोंद झालेल्या हिजड्याने रस्त्यावर स्त्रीचा पोशाख किंवा दागिने घातले, तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. दुःखाची बाब अशी की, निजामाच्या राज्यातही १३२९ फसलीत, म्हणजे इ.स. १९१९ च्या सुमारास, तशाच धर्तीचा कायदा आला आणि आपला मराठवाडा तेव्हा त्या राज्यात होता. हा कायदा तेलंगणा उच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो थेट २०२३ मध्ये. मुस्लिम दरबाराने 'कन्जुद्दकाइक'ची यादी सोडून इंग्रजांची नोंदवही उचलली, असे मला म्हणावेसे वाटते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि २०१९ मध्ये त्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्या कायद्यातील प्रत्येक कलमाशी आपण सहमत असलो-नसलो, तरी त्यांना मारणे, घराबाहेर काढणे हा आता गुन्हा आहे, हे घरातील प्रत्येक चुलत्याला ठाऊक असावे.

फसवणुकीसाठी बुरखा घालणारा पुरुष हा निराळाच प्रकार आहे. चोरी करण्यासाठी किंवा स्त्रियांमध्ये शिरण्यासाठी कोणी तसे केले तर तो दुहेरी गुनाह आहे. त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे. स्वाधीन करावे, मारू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ते स्त्रीवेशातही नव्हते. केवळ परके होते. मोबाइलवर फिरणारी 'बुरख्यातला पुरुष सापडला' अशी चित्रफीत पुढे पाठवण्यापूर्वी ते पाच जण आठवावेत.

पित्याला दिलेले उत्तर

आठ दिवसांनी ते गृहस्थ आले. मी त्यांना सांगितले की, घराबाहेर काढण्याचा हुकूम नाही. मुलाने बहिणीची ओढणी, बांगड्या घालणे योग्य नाही. ते त्याला सांगावे, परंतु एकांतात, सौम्यपणे आणि पुन्हा पुन्हा, जसे आपण फज्रला उठण्याविषयी सांगतो. त्याचा आवाज आणि चाल यांसाठी मात्र त्याला काहीही बोलू नये. भावाला, म्हणजे मुलाच्या चुलत्याला, पट्टा उचलल्याबद्दल मुलाची माफी मागायला लावावी. हे ऐकून ते दचकले. मोठ्याने लहानाची माफी मागायची? मी म्हणालो, जुल्म मोठ्याने केला तर माफी कोणी मागावी?

मग त्यांनी जे विचारले, त्याची मला धास्तीच होती. "लग्न लावून दिले तर सुधारेल काय? एक स्थळ आहे. खेड्यातली गरीब मुलगी आहे, ते काही विचारणार नाहीत." वाचकहो, या वाक्यातील 'गरीब' आणि 'विचारणार नाहीत' हे शब्द मी विसरू शकत नाही. मी सांगितले की निकाह हे औषध नाही, तो करार आहे; त्यात दुसऱ्या बाजूला कोणाची तरी लेक असते. मुलाची इच्छा आणि पात्रता न पाहता, मुलीपासून लपवून लावलेला निकाह म्हणजे एका मुलाचे दुःख दोघांत वाटणे. निकाह पढवण्यासाठी माझ्याकडे आलात तर मी आधी त्या मुलीच्या वडिलांशी बोलेन, हेही सांगितले. ते नाराज झाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग याचे पुढे काय होणार?" याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात मला सापडले नव्हते आणि मी ते बनवून दिले नाही. एवढेच म्हणालो की, तो शिकेल, कमावेल, नमाज पढेल. बाकी अल्लाह जाणे.

त्यानंतरच्या जुम्याला मी खुत्ब्यापूर्वीच्या बयानात हीच बाब मांडली. कोणाचे नाव न घेता, मदरशातील माझ्या नकलेसह. नमाजीनंतर दोघे-तिघे येऊन भेटले. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, मौलाना, हे विषय मिंबरावरून नसावेत. ज्यांनी आपले लेकरू ओढून नेले होते, ते सद्गृहस्थ नेहमीप्रमाणे मुसाफहा करून गेले. त्यांच्या मनात काय होते ते कळले नाही.

तो मुलगा आता फज्रला येतो. तेव्हा अकरा-बारा माणसे असतात, दिवे मंद असतात. तो शेवटच्या बाजूला, चपलांच्या फळीजवळ उभा राहतो. सफ सरळ करण्यासाठी मागे वळतो तेव्हा मी त्याला हाताने पुढे बोलावतो आणि तो एक पाऊल पुढे येतो. जुम्याला तो अजून येत नाही.